भाड्याच्या खोलीची किल्ली



आज आपण कुलूप आणि किल्ली या दोन वस्तूंबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, यात बोलायचे काय आहे? कुलूप लावायचे, किल्ली कमरेला खोचायची, झाले. आम्हालाही पूर्वी असेच वाटायचे. पण आमच्या घरी एका किल्लीने असा घोळ केला की त्याची सल अजून गेलेली नाही. ती हकीकत पुढे सांगूच.

आपले इस्लापूर रस्त्यावरचे गाव. इकडे हिमायतनगर, तिकडे किनवट. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा जवळच. पावसाळ्यात तो पाहायला लांबलांबचे लोक आपल्या गावावरून जातात. शाळा, दवाखाना, बँक, बाजार यांपायी बाहेरगावची माणसे इथे राहायला येतात. गुरुजी येतात, नर्सबाई येतात, तलाठी येतात. वाडी-तांड्यावरची पोरे शिकायला येतात. त्यांना खोली लागते. ज्याच्या घराला रस्त्याकडून दोन खोल्या जास्त आहेत, तो त्या भाड्याने देतो. कुणी शेतीच्या जोडीला म्हणून देतो. कुणा विधवेचे तर सारे घरच त्या भाड्यावर चालते. म्हणजे आपल्यातले पुष्कळ जण घरमालक आहेत. घरमालक म्हटले की डोळ्यांपुढे शहरातला शेठ येतो. पण एका खोलीचे भाडे घेणारी म्हातारीसुद्धा घरमालकच, बरं का.

जुन्या काळी आपल्या घरांना कुलूप कमी असायचे. कुडाचे घर, पऱ्हाटीची ताटी. ताटी ओढून दोरी बांधली की माणूस रानात गेला. वाड्यांना मोठे दार असायचे. त्याला आतून लाकडी आगळ असायची. आगळ भिंतीतल्या भोकात सरकवली की दार बंद. पण आगळ आतूनच लागते. घरात कोणी तरी असलेच पाहिजे. घर रिकामे टाकून जायचे, तर बाहेरून लागणारी वस्तू हवी. ती वस्तू म्हणजे कुलूप.

शब्दांचीच गंमत बघा. 'कुलूप' हा शब्द अरबीतून आला. 'चावी' पोर्तुगीज लोकांच्या भाषेतून आली. हिंदीत ताला म्हणतात. आपल्या शेजारी तेलुगूत कुलपाला 'ताळम' आणि किल्लीला 'ताळम चेवी' म्हणतात. चेवी म्हणजे कान. आपल्याकडे तेलुगू कळणारी माणसे घरोघर आहेत. असणारच. 1956 सालच्या 1 नोव्हेंबरपर्यंत इस्लापूर सर्कल आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यात होते. राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा ते आपल्या बाजूला आले. तर किल्लीला कुलपाचा कान म्हणणारी ती भाषा आम्हाला फार आवडते. कान धरला की माणूस वळतो, तसे किल्लीने कुलूप वळते.

आता कुलपाच्या पोटात काय असते ते पाहू. आमच्या घरी एक जुने कुलूप बिघडले होते. आम्ही ते छिन्नीने फोडून पाहिले. आत पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या होत्या. प्रत्येक पट्टीला खाली दाबणारी बारीक स्प्रिंग होती. या पट्ट्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक पट्टीत एक खाच असते. कुलपाच्या दांड्याला एक लहानशी खुंटी असते. सगळ्या पट्ट्यांच्या खाचा एका ओळीत आल्या, तरच ती खुंटी त्यातून सरकते आणि कुलूप उघडते. एक जरी पट्टी जास्त उचलली गेली किंवा कमी उचलली गेली, तरी खुंटी अडते. किल्लीला जे लहानमोठे दाते असतात, ते याच कामाचे. एकेक दाता एकेक पट्टी बरोबर हवी तेवढी उचलतो.

कुलपावर पाच लिव्हर, सात लिव्हर असे लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. विकत घेताना ते वाचा. पट्ट्या जितक्या जास्त, तितके दुसऱ्या किल्लीने उघडणे अवघड. बाजारातली फार स्वस्त कुलपे आम्ही भाड्याच्या खोलीला लावीत नाही. त्यात पट्ट्या थोड्या असतात, दाते सारखेसारखे असतात. एकाची किल्ली दुसऱ्याला लागते. आमच्या शेजारी दोन भावांनी एकाच दुकानातून दोन कुलपे आणली. वर्षभराने कळले की दोघांच्या किल्ल्या एकमेकांच्या कुलपाला चालतात. भाऊ होते म्हणून हसण्यावारी गेले.

आपल्या देशात कुलपांसाठी उत्तर प्रदेशातले अलीगढ शहर प्रसिद्ध आहे. तिथे घरोघरी, गल्लोगल्ली कुलपांचे भाग तयार होतात. आपल्या मुंबईत आर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली लालबागेत कुलपांचा कारखाना सुरू केला. ते मुळात वकिलीचे शिक्षण घेतलेले. वकिली सोडून ते कुलपांकडे वळले. वकिलाच्या हातून कुलूप घडावे, याचे आम्हाला नवल वाटत नाही. कुलूप आणि कायदा दोघेही हेच सांगतात की हे कुणाचे आहे आणि आत जायचा हक्क कुणाला आहे.

पण नुसते कुलूप चांगले असून भागत नाही. चोर कुलूप फोडतोच असे नाही. तो कोयंडा उपटतो. कडी-कोयंडा ज्या स्क्रूंनी दाराला बसवला, ते स्क्रू बाहेरून दिसत असले, तर पेचकस घेतला की काम झाले. कुलूप जसेच्या तसे लोंबत राहते. म्हणून सुताराला सांगावे की कोयंडा आरपार बोल्टाने बसव, आणि नट आतल्या बाजूला घे. खर्च थोडासाच. शंभर जणांना आम्ही हे सांगितले असेल. ऐकणारे थोडे. पाचशेचे कुलूप घेतील, पण बोल्ट घेणार नाहीत!

दुसरे, कुलपात तेल ओतू नका. पावसाळ्यात कुलूप जाम झाले की आपण खोबरेल नाही तर गोडेतेल सोडतो. दोन दिवस बरे चालते. मग त्या तेलाला धूळ धरते, चिखल होतो, आणि पट्ट्या चिकटून बसतात. त्यापेक्षा लेकराच्या पेन्सिलीचे शिसे बारीक कुटावे. ती काळी पूड किल्लीला लावून कुलपात दोन-चार वेळा फिरवावी. कुलूप मोकळे होते.

हे झाले लोखंडाचे. आता माणसांचे सांगतो.

आमच्या वडिलांनी रस्त्याच्या कडेला दोन खोल्या बांधल्या होत्या. वडील गेले आणि कारभार आमच्या मायकडे आला. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला. एका खोलीत एक गुरुजी राहत. गुरुजी, त्यांची बायको आणि एक लहान लेकरू. माणसे फार गुणाची. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडे हातात. खोलीचे कुलूप आमचेच होते. त्याला दोन किल्ल्या होत्या. एक गुरुजींना दिली, एक मायच्या जुडग्यात राहिली. यात काही चुकते आहे, असे ना गुरुजींना वाटले ना आम्हाला.

2013 सालचा श्रावण होता. गुरुजी सुटीत आपल्या गावी गेले होते. पावसाने झड लावली होती. तिसऱ्या दिवशी आम्ही पाहिले, तर गुरुजींच्या दाराखालून पाणी बाहेर येत होते. स्लॅब गळत होता. माय म्हणाली, "अगं बाई, त्यांची ज्वारी भिजन की. अंथरूण भिजन." तिने जुडगा काढला. कुलूप उघडले. शेजारच्या एका गरीब घरचा पोरगा समोरून जात होता. त्याला आम्ही हाक मारली. त्याने आणि आम्ही मिळून ज्वारीचे पोते उचलले, गाद्या उचलल्या, लोखंडी पेटी भिंतीपासून ओढून खाटेवर ठेवली. पाणी उपसले. कुलूप लावले. पोराला चहा पाजला. काम चांगले झाले, असे म्हणून आम्ही झोपलो.

मोबाईल आमच्या खिशात होता. गुरुजींचा नंबर त्यात होता. पण एक फोन करावा, हे काही आमच्या मनात आले नाही.

चार दिवसांनी गुरुजी परत आले. दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर आले. खाली बघत म्हणाले, "माय, आमच्या मागं खोलीत कोणी गेलं होतं का?" मायने सारे सांगितले. पाणी, पोते, पेटी. गुरुजी म्हणाले, "बरं केलं." थोडे थांबून म्हणाले, "पेटीत हिचे सोन्याचे चार मणी होते. पुडीत बांधून ठेवले होते. ते दिसत नाहीत. तुमच्यावर संशय नाही, माय. फक्त विचारलं."

फक्त विचारले! पण तो प्रश्न काही माघारी गेला नाही. मायने देवापुढे हात ठेवून शपथ घेतली. गुरुजींनी तिला उठवले. ते म्हणाले, "असं करू नका." आम्ही सारी खोली धुंडाळली, मोरी पाहिली, उपसलेले पाणी जिथे टाकले होते तो चिखल चाळणीने चाळला. मणी मिळाले नाहीत. कदाचित ते गावी विसरले असतील. कदाचित पाण्यात गेले असतील. पेटीला कुलूप होते की नव्हते, हेही कुणाला धड आठवेना.

मग गावाने आपले काम केले. आमच्यावर उघड कोणी बोट दाखवले नाही. आमचे घर बरे, नाव बरे. बोट गेले त्या पोराकडे. त्याने फक्त पोते उचलले होते. आमच्या हाकेला ओ दिली होती. पण तो गरिबाचा. लोक त्याला अडवून हसत हसत विचारायचे, "कारे, किती तोळ्याचे होते?" त्याच्या बापाने त्याला मारले. आमच्या डोळ्यांदेखत पोरगा पेटीजवळ एकटा एक क्षणही नव्हता. आम्ही हे दहा जणांना सांगितले. दहा जणांनी मान हलवली. दिवाळीनंतर पोरगा हैदराबादकडे कामाला निघून गेला.

गुरुजींनी महिनाअखेर खोली सोडली. भाडे दिवसाच्या हिशोबाने चुकते केले. किल्ली कागदात गुंडाळून मायच्या हातात ठेवली. पुढे बदली होईपर्यंत ते रस्त्यात भेटत. रामराम होई. पण डोळ्याला डोळा लागत नसे. त्यांचा आमच्यावर विश्वास नव्हता असे नाही. पण ती दुसरी किल्ली मध्ये होती.

त्या मण्यांचे काय झाले, ते आम्हाला आजवर कळलेले नाही.

त्यानंतर आम्ही वकिलांना विचारले, जाणत्यांना विचारले, आणि आमची रीत बदलली.

पहिली गोष्ट कळली ती ही की, खोली भाड्याने दिली की भिंती आपल्या, पण आत राहण्याचा ताबा भाडेकरूचा. मालकी एक, ताबा दुसरा. जशी बटईने दिलेल्या रानाची गोष्ट. रान आपले असले, म्हणून बटईदाराच्या खळ्यावरून आपण न विचारता पोते उचलीत नाही. 1882 सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे. तो इंग्रजांच्या वेळचा, पण आजही चालू आहे. त्यात लिहिले आहे की भाडे भरणाऱ्याला जागेचा उपभोग निर्वेध मिळाला पाहिजे. त्याच कायद्यात मालकाचीही बाजू आहे. जागा कशी ठेवली आहे हे पाहायला मालकाला वाजवी वेळी आत येऊ द्यावे, असे भाडेकरूला सांगितले आहे. 1999 सालच्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तर स्पष्ट म्हटले आहे की मालकाने आधी सूचना देऊन, वाजवी वेळी जागा पाहावी. हा दुसरा कायदा त्याच्या परिशिष्टात दिलेल्या शहरांना आणि गावांना लागू आहे. पण चांगली रीत कुठल्याही गावाला लागू करायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून आता आमच्या खोलीत कौलाचे, नळाचे, विजेचे काम निघाले, तर आम्ही आदल्या दिवशी सांगतो. "उद्या दहा वाजता मिस्त्री येणार आहे, चालेल का?" भाडेकरू नाही म्हणाला, तर दुसरी वेळ ठरवतो. बाईमाणूस एकटी असेल, तर आमच्या घरातली बाई बरोबर जाते. यात मालकाचा काही मान कमी होत नाही.

आणि किल्लीचे म्हणाल, तर आता कुलूप भाडेकरूनेच आणायचे. त्याच्या सगळ्या किल्ल्या त्याच्याच जवळ. रिकामी खोली असताना आमचे कुलूप, माणूस राहायला आला की त्याचे. मायला हे पहिल्यांदा पटले नाही. "आपल्याच घराची किल्ली आपल्यापाशी नाही, हे कसलं?" असे ती म्हणायची. जुडगा हलका झाला, तो तिला सलायचा. कमरेवरचे ओझे गेले की बाईला चुकल्यासारखे होते.

दाराच्या आतच बसवलेले कुलूप असेल, तर ते काढून नेता येत नाही. तिथे आमची एक युक्ती आहे. दुसरी किल्ली लिफाफ्यात घालायची. लिफाफा चिकटवायचा. चिकटवलेल्या जागेवर दोघांनी सह्या करायच्या, वर तारीख घालायची. तो लिफाफा मालकाकडे राहतो. फोडला तर दिसतो. भाडेकरू कधीही येऊन म्हणू शकतो, "लिफाफा दाखवा." आमच्याकडे एक नर्सबाई होत्या. त्या दर दोन महिन्यांनी हसत हसत लिफाफा पाहून जात. आम्हाला राग येत नसे. उलट बरे वाटे.

पण आग लागली, धूर निघाला, पाणी भरले, किंवा दाराच्या फटीतून साप आत जाताना दिसला, तर? आपल्याकडे पावसाळ्यात हे नेहमीचे. तेव्हा वाट बघत बसायचे नाही. पण आधी फोन करायचा. फोन लागो न लागो, शेजारची दोन मोठी माणसे बोलवायची. एकाच घरची नकोत. त्यांच्यासमोर उघडायचे. लागेल तेवढेच हलवायचे. पेटी, कपाट, पिशवी यांना शक्यतो हात लावायचा नाही. परत बंद करायचे आणि तिथल्या तिथे चार ओळी लिहायच्या: अमुक तारीख, अमुक वेळ, या कारणासाठी खोली उघडली, हे हे हलवले, हे हे लोक हजर होते. खाली सह्या. मोबाईलवर फोटो काढता आला तर काढावा. त्या श्रावणात आम्ही चार ओळी लिहिल्या असत्या आणि दोन माणसे उभी केली असती, तर मणी मिळाले नसते कदाचित. पण पोरगा गावात राहिला असता.

भाडेकरू सोडून गेला की त्याच्याकडून किल्ली परत घेतो, हे ठीक. पण बाजारात कानस घेऊन बसलेला किल्लीवाला थोड्या वेळात दुसरी किल्ली करून देतो. परत आलेल्या किल्लीच्या किती बहिणी बाहेर फिरतात, ते आपल्याला ठाऊक नसते. जुना भाडेकरू चांगला असेलही. पण त्याने ती किल्ली कधी भावाला दिली असेल, कधी दूधवाल्याला. म्हणून नवा माणूस आला की कुलूप बदलावे. नवे घ्यायला पैसे नसतील, तर या खोलीचे त्या खोलीला लावावे, त्या खोलीचे गोठ्याला. जागा बदलली तरी पुष्कळ झाले. आणखी एक. नव्या किल्लीवर आकडा ठोकलेला असतो. त्या आकड्यावरून तशीच किल्ली बनवता येते. तो आकडा कुणाला दाखवू नये, आणि किल्लीला खोलीचा नंबर बांधून ठेवू नये. हरवली तर सापडणाऱ्याला पत्ता मिळतो!

आता एक कडू गोष्ट. भाडे थकले की काही मालक कुलपावर कुलूप लावतात. आम्ही एका तालुक्याच्या गावी हे पाहिले आहे. एक बाई दोन लेकरांना घेऊन मजुरीवर गेली होती. दोन महिन्यांचे भाडे राहिले होते. संध्याकाळी येऊन बघते, तर तिच्या कुलपावर मालकाचे मोठे कुलूप. चूल आत, पीठ आत, लेकराचे औषध आत. रात्रभर ती ओट्यावर बसली. मालक म्हणाला, "माझं घर आहे. मी काय वाटेल ते करीन."

त्याचे म्हणणे चूक होते. भाडे मागण्याचा हक्क त्याला होता. कुलूप लावण्याचा नव्हता. 1963 सालच्या विशिष्ट साहाय्याच्या कायद्यात सहावे कलम आहे. ते सांगते की कुणाला त्याच्या मर्जीविरुद्ध आणि कायद्याच्या वाटेने न जाता ताब्यातल्या जागेतून बाहेर काढले, तर तो दिवाणी कोर्टात दावा लावून ताबा परत मागू शकतो. मालकी कुणाची, हा प्रश्न तिथे आड येत नाही. खुद्द मालकाने काढले असले तरीही. पण हा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. हे सहा महिने ध्यानात ठेवा. पुष्कळ गरीब माणसे आज जाऊ, उद्या जाऊ करीत मुदत घालवतात. वकिलाला पैसे नसतील, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. 1987 सालच्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जातीच्या आणि अनुसूचित जमातीच्या लोकांना तिथे मोफत वकील मिळतो. त्यांचे उत्पन्न किती, हे पाहिले जात नाही.

आणि त्रास देण्याच्या, धमकावण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या ताब्यातल्या घरात घुसणे हा गुन्हाही आहे. 1 जुलै 2024 पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या 329 व्या कलमात तो आहे. मालक म्हणून सुटका होत नाही. पाणी तोडणे, वीज तोडणे, हीदेखील कुलपाचीच भावंडे. 1999 च्या भाडे कायद्याने तीही मालकाला मना केली आहेत.

मग मालकाने काय करावे? भाडे बुडू द्यावे? नाही. मालकाचीही भीती खोटी नाही. "खोली दिली की गेली," असे म्हणणारे आपल्याकडे फार आहेत. म्हणूनच काही जण भाड्याने देण्यापेक्षा खोली रिकामी ठेवतात. उंदीर राहतात, माणसे नाहीत. या भीतीवर औषध कुलूप नव्हे. कागद. खोली देताना करार लिहावा. किती महिने, किती भाडे, किती अनामत, वीजबिल कुणी भरायचे, किल्ल्या किती. जिथे 1999 चा भाडे कायदा लागू आहे, तिथे करार लेखी करून नोंदवावा लागतो, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदवला नाही आणि वाद झाला, तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. भाड्याची पावती दर महिन्याला द्यावी. इतर गावी महिन्या-महिन्याच्या भाड्याची जागा सोडवून घ्यायची, तर साधारणपणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तरी माणूस निघाला नाही, तर वाट कोर्टाची. लांब आहे, हे आम्हालाही माहीत आहे. आम्ही एकदा चाललो आहोत. पाय दुखले. पण त्या बाईच्या लेकराचे औषध आत कोंडून जी वाट काढली जाते, ती आम्हाला नको.

कधी उलटे होते. भाडेकरूच कुलूप लावून जातो आणि येत नाही. आपल्या भागातली माणसे ऊसतोडीला जातात, निजामाबाद-हैदराबादला बांधकामावर जातात. चार महिने पत्ता नाही, भाडे नाही. अशा वेळी कुलूप तोडायची फार ऊर्मी येते. आवरावी. फोन करावा, त्याच्या गावच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र टाकावे, त्याची पोच जपून ठेवावी. आमच्याकडे एकदा असा माणूस पाच महिन्यांनी आला. पाय मोडून पडला होता बिचारा. आल्या आल्या त्याने आधी कुलूप पाहिले, मग आम्हाला रामराम केला. पुढच्या तीन महिन्यांत सारे भाडे फेडले.

आमच्या घरी आता एक वही आहे. तिला आम्ही किल्लीची वही म्हणतो. साधी शंभर पानी वही. तीत असे लिहितो:

तारीख 5 जून. खोली नंबर 2. आतल्या दाराचे कुलूप 1. किल्ल्या 2. त्यांतली 1 भाडेकरूला दिली. 1 लिफाफ्यात बंद, दोघांच्या सह्या. सिमेंटचा ओटा, पंखा 1, बल्ब 2 चालू आहेत. घेणाराची सही. देणाराची सही.

सोडून जाताना त्याच पानावर खाली लिहितो: किल्ली 1 परत मिळाली, लिफाफा दोघांनी पाहिला, बंद होता. अनामत परत दिली. सह्या.

पहिली काही पाने पाहिली, तर 'देणाराची सही' या जागी निळ्या शाईचा अंगठा आहे. तो मायचा. ती शाळेत कधी गेलेली नव्हती. पुढे वर्ग सुरू झाला, तेव्हा सुनेच्या आग्रहाने ती जाऊन बसली. पहिले तिने आपले नाव शिकले. मग आकडे. मग एक दिवस ती वही घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "कुलूप कसं लिहायचं, दाखव. आधी 'क'ला उकार, ते येतंय मला. पुढचं दाखव."

आम्ही दाखवले. 'ल'चा ऊकार दीर्घ, हे तिला दोनदा सांगावे लागले. आजही ती कधी कधी ऱ्हस्व काढते.

मागच्या जूनमध्ये एक नवी मुलगी राहायला आली. अंगणवाडीत कामाला लागलेली, घरापासून पहिल्यांदाच दूर. तिचा बाप सोडायला आला होता. तो खोली बघत होता, दार ओढून बघत होता, कोयंडा हलवून बघत होता. त्याने विचारले, "याची दुसरी किल्ली कुणापाशी राहते?"

आम्ही बोलायच्या आत मायने कपाटातून वही काढली. चष्मा लावला. पान उघडून त्याच्यापुढे ठेवले आणि बोट ठेवून वाचून दाखवू लागली. सावकाश. एकेक अक्षर सुटे करून. बाप उभा होता तो खाली बसला. लेकीने लिफाफ्यावर सही केली, त्याखाली मायने केली. माय सही करताना जीभ थोडी बाहेर काढते. मग तिने लिफाफा कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावले, आणि पाहुण्यांसाठी चहा टाकायला आत गेली.